चष्मा सरकवला, मला नाही

मित्रांनो, मी केसांचा एक जुना रबर आहे. तपकिरी मखमलीचा, बांगडीएवढा, एका बाजूला शिवण उसवलेला. ओळख एवढी पुरे, कारण मी रागावलेलो आहे. इतरांना गप्प बसवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आज मी बोलणार आहे.

माझा जन्म शिवणकामाच्या एका खोलीत झाला. सहा यंत्रं, सहा बायका आणि एकच पंखा, तोही मालकिणीकडे वळवलेला. ज्या मावशींनी मला शिवलं, त्या कापडाच्या नळीत इलॅस्टिक ओवता ओवता अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढायच्या. माझा स्वभाव बहुधा तिथूनच आला. शेवटचा टाका घालून त्यांनी मला दोन्ही हातांनी ताणलं आणि म्हणाल्या, "चिवट आहे. टिकेल." ती माझी पहिली शाबासकी. दुसरी कुणाच्या नावावर गेली, ते पुढे ऐका.

मी एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या केसांत गेलो. केस दाट, जीभ तिखट आणि गळा ऐकत राहावा असा. तिला संगीत महाविद्यालयात शिरायचं होतं. जागा आठ, अर्ज दोनशेच्या वर. निवडीच्या दोन फेऱ्या होत्या आणि साथीदार ज्याचा त्याने आणायचा होता. तिचा साथीदार म्हणजे तिचे बाबा आणि त्यांची बेस गिटार.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. तळमजल्यावर उभे राहून सहाव्या मजल्यावरचं कुठलं चाक कुरकुरतंय ते सांगतात. एवढा तयार कान! पण घरी गिटार हातात आली की तो कान कुठे फिरायला जायचा कोण जाणे. या गिटारीला चार जाड तारा असतात. एक छेडली की उरलेल्या तिघी न विचारता गुणगुणू लागतात. चांगला वादक छेडणाऱ्या हाताचा अंगठा वरच्या जाड तारांवर टेकवून ठेवतो आणि दुसऱ्या हाताची बोटं बारीक तारांवर हलकेच आडवी पडू देतो. मग एकच तार बोलते, बाकीच्या तोंड मिटून बसतात. बाबांचा अंगठा मात्र हवेत तरंगायचा, लग्नात कुणी ओळखत नसलेल्या पाहुण्यासारखा. एका गाण्यात मी नको असलेले सतरा आवाज मोजले आहेत.

"बाबा, मी एक ओळ गाते तोवर तुमच्या तारा तीन गातात," मुलगी एकदा म्हणाली.

"नव्या आहेत गं तारा. बसतील हळूहळू."

"गेल्या वर्षीही नव्याच होत्या."

आतून आई म्हणाली, "अहो, तुमचं वाजवून संपतं, पण घर वाजतच राहतं."

मुलीने वैतागून केसांतून मला उपसलं आणि दुहेरी करून गिटारीच्या मानेवर चढवलं, अगदी वरच्या टोकाला, खुंट्यांच्या जरासं खाली. मी चारही तारांना घट्ट मिठी मारली. गुणगुण थांबली.

"हे तात्पुरतं आहे," तिने बजावलं. "तोवर अंगठा टेकवायला शिका."

बाबा शिकले का? छे! त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांना बोलावून म्हणाले, "बघा, कसा स्वच्छ चालतो माझा हात!" माझा हात! मित्रांनो, माझं इलॅस्टिक तेव्हाच तुटायचं, पण मावशींनी शिवलेलं होतं म्हणून टिकलं.

आता माझी एक मर्यादा सांगतो. माझ्या खाली कुठेही बोट दाबून तार वाजवली तर मी आड येत नाही. पण बोट न दाबता मोकळी तार छेडली, तर मी तिचाही गळा आवळतो. आणि त्या गाण्याचा शेवटचा सूर होता सगळ्यात जाड तारेचा, मोकळा. त्या लांब सुरावर मुलीने शेवटची ओळ एकटीने गायची होती. म्हणून ठरलं होतं, की त्याआधीच्या छोट्या विसाव्यात बाबांनी हात वर न्यायचा आणि मला खुंट्यांकडे सरकवायचं. घरच्या सरावात प्रत्येक वेळी मुलगी डोळ्याने खूण करायची. निवडीच्या दिवशी मात्र तिचं तोंड परीक्षकांकडे असणार होतं. बाबांकडे कोण बघणार?

तो दिवस आला. लांब टेबल, तीन परीक्षक, पाण्याचे तीन ग्लास. गाणं सुरेख चाललं होतं. विसावा आला. बाबांचा हात उठला. मी सरकायला सज्ज झालो. हात माझ्या शेजारून गेला, थेट नाकाकडे, आणि त्याने घसरलेला चष्मा वर सरकवला.

मग तार छेडली. धप्प! ओला टॉवेल पडल्यासारखा आवाज. पोरीच्या ओळीखालची जमीनच गेली. तिचा सूर घसरला, तिने तो सावरला, पण घसरला तो घसरलाच.

परीक्षक बाई म्हणाल्या, "गळा चांगला आहे. शनिवारी दुसऱ्या फेरीला ये. पण साथीला आणखी कुणी मिळतं का, बघ."

बाहेर व्हरांड्यात बाबांनी मला ओरबाडून काढलं. "या चिंधीने घात केला!" म्हणाले, आणि मला बाकाखाली भिरकावलं. चिंधी! ज्याच्या जिवावर शेजाऱ्यांपुढे मिरवले, तो मी चिंधी!

मुलीने वाकून मला उचललं आणि मनगटावर चढवलं.

"बाबा, परवा त्या इमारतीत कुणी लिफ्टच्या दारात पुठ्ठा कोंबला होता. रखवालदाराला काय म्हणालात तुम्ही?"

बाबा गिटारीच्या पेटीची कडी उगाच लावू-काढू लागले.

"'पुठ्ठ्याने खडखड थांबते, बिघाड तसाच राहतो.' घरी येऊन आम्हालाही दोनदा ऐकवलंत. मग माझा रबर काय होता?"

"अगं, मी सरकवणारच होतो..."

"सरकवलंत की! चष्मा!"

"जरा हळू बोल, बाईसाहेब. लोक बघताहेत."

"बघू देत. जागा माझी जातेय, लोकांची नाही. शनिवारपर्यंत अंगठा टेकला तर तुम्ही याल. नाहीतर मी दुसऱ्या कुणालातरी आणीन, आणि मला वाईटसुद्धा वाटणार नाही."

शेवटचं वाक्य खोटं होतं. मी मनगटावर होतो, मला नाडी कळत होती.

त्यानंतर घरात पाच दिवस एकच तार वाजली. बाबा ती छेडायचे, थांबायचे आणि उरलेल्या तिघींना कान द्यायचे. कुणी कुजबुजली की पुन्हा पहिल्यापासून. जेवतानासुद्धा त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवर टेकलेला असायचा. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "अहो, आज तुमच्याबरोबर घरही थांबलं." बाबा त्यावर लाजले. मी लाजलेला लिफ्टवाला पहिल्यांदाच पाहिला.

शनिवारी मी मुलीच्या केसांत होतो. तिचं तोंड परीक्षकांकडे, म्हणजे माझं तोंड बाबांकडे. चष्म्याला त्यांनी मागून दोरी बांधली होती. विसावा आला. हात नाकाकडे गेला नाही. बोटं तीन तारांवर अलगद आडवी झाली आणि सगळ्यात जाड तार एकटीच बोलली. पोरगी त्या सुरावर निवांत उभी राहिली आणि ओळ पुरी गायली. मग बाबांनी तारेवर तळवा ठेवला. खोलीत कणभरही आवाज उरला नाही.

यादीत तिचं नाव सहावं लागलं. बाबांनी तिची माफी मागितली, डोळे पुसले, परीक्षक बाईंचे आभारही मानले. माझ्याशी कुणी बोललं नाही. मुलगी नवी पिन लावून वसतिगृहात गेली. मला बाबांनी गिटारीच्या पेटीत टाकलं. हल्ली मी त्यांच्या वायरीच्या भेंडोळ्याला बांधलेला असतो. ती वायर आजवर एकदाही सुटलेली नाही, हेही कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आणि "चिंधी" हा शब्द अजून परत घेतलेला नाही.

मित्रांनो, आम्हाला जरूर वापरा. ताणा, बांधा, अडीअडचणीला पुढे करा. पण तुमच्या हाताने शिकायचं काम कायमचं आमच्या गळ्यात घालू नका. आणि काही बिघडलंच, तर आम्हाला बाकाखाली भिरकावण्याआधी तो हात जरा आठवून पाहा: तो मघाशी नेमका कुठे गेला होता?