कापलेली आठ पानं

"दोनशे दहानंतर एकदम दोनशे एकोणीस?" नकाशेबाईंनी निळं पुस्तक उलटं धरून झटकलं. "मधली आठ पानं कुठं गेली रे?"

कंपासनं मान वर केली. लांब काटकुळ्या पायांमुळे ऑफिसात त्याला सगळे कंपासच म्हणत. प्रकल्प व्यवस्थापनाच्या परीक्षेला हेच पुस्तक करा, असं सांगून त्यानंच ते सकाळी बाईंना दिलं होतं.

"मीच काढलीत, बाई. तिथली उत्तरं चूक आहेत."

"छापणारे चुकले आणि तू तेवढा बरोबर?"

बांधकाम कंपनीच्या नकाशांच्या खोलीत बाईंची तेवीस वर्षं गेली होती. पानं मोजल्याशिवाय त्या कुठलाच कागद ताब्यात घेत नसत, मग तो साक्षात साहेबांनी दिलेला का असेना. आता वरून नवा नियम आला होता. परीक्षेत पुढे येईल त्याला समन्वयकाची खुर्ची, मागे राहील त्याची रवानगी गावाबाहेरच्या गोदामात, जुने कागद सांभाळायला. खुर्ची एक आणि परीक्षेला बसणारे दोघं, बाई आणि कंपास. अशा वेळी तोच आपणहून पुस्तक आणून देतो म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

पानं ब्लेडनं कापली होती, अगदी रेषेत. असा हात कुणाचा, कुणी शिकवलेला, हे बाईंच्या लक्षात यायला हवं होतं. पण चिडलेल्या माणसाला हवं तेवढंच दिसतं.

बाईंचा आवाज चढला तसे साहेब केबिनबाहेर आले. त्यांनी ना पानं पाहिली, ना उत्तरं. "सोबतच्या माणसाला खड्ड्यात घालतोस? या वेळी परीक्षेच्या यादीत तुझं नाव नको," एवढं म्हणून ते आत गेले. कंपासनं पुस्तक परत घेतलं आणि ड्रॉवरमध्ये सरकवलं. चोराच्या मनात चांदणं, बाई मनात म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी पुस्तकांचं दुकान गाठलं. एका पुस्तकावर 'हमखास यश' असं छापलं होतं, त्याला त्यांनी हातही लावला नाही. दुसऱ्यावर छापलेल्या जुन्या सालावर नव्या सालाची चिठ्ठी चिकटवलेली होती, ती त्यांनी नखानं खरवडून दुकानदाराला दाखवलं.

"हे कंपासवालं, म्हणजे हे निळं बरं आहे का हो?"

"डोळे झाकून न्या, ताई."

"डोळे झाकले तर वाचू कशानं?"

शेवटी तेच निळं पुस्तक, पण अख्खं, त्यांनी घेतलं. काउंटरवर पान न् पान मोजूनच.

घरी आल्याआल्या त्यांनी दोनशे अकरावं पान उघडलं. एका खोलीचं काम किती दिवसांत होईल, असा पहिलाच प्रश्न होता. छापील उत्तर होतं सतरा. बाईंचं आलं एकोणीस. पुन्हा केलं, पुन्हा एकोणीस. त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, तो चिमटा हातात धरून शेजारीच बसला होता.

"अहो, जरा मोजा बरं."

"विटा, गिलावा, वाळणं, रंग... एकोणीस." त्यानं चष्मा वर सारला. "यांनी गिलावा वाळायचे दोन दिवस धरलेच नाहीत. ओल्या भिंतीला रंग फासणार का?"

त्या आठ पानांत पाच उत्तरं चूक निघाली. पुढची-मागची पानं चोख होती.

सहा वर्षांपूर्वी, कंपास नवा असताना, जुन्या नकाशावरून एक भिंत उभी राहिली होती आणि पाडावी लागली होती. त्या दिवशी बाईंनीच त्याच्या हातात ब्लेड दिलं होतं. 'चुकीचा कागद फाइलीत ठेवायचाच नाही. कुणीतरी त्यावरून भिंत बांधतंच.' रात्री जेवताना हे सगळं आठवलं आणि बाईंना इतकी लाज वाटली की ताटावरून त्या तशाच उठल्या.

सकाळी ऑफिसात त्यांनी नव्या पुस्तकातली ती पानं कापली. प्रत्येकावर 'रद्द'चा शिक्का मारला, तारीख घातली, सही केली. शिक्क्यात कारणासाठी एक ओळ असते. तिथं एरवी त्या 'नवा नकाशा आला' असं लिहीत. आज लिहिलं, 'उत्तरं चूक. कंपासनं ही पानं आधीच काढली होती. मी ऐकलं नाही.'

पानं साहेबांच्या टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "त्याचं नाव यादीत घाला."

साहेबांनी वाचलं. "खुर्ची एकच आहे, बाई. तो हुशार आहे."

"माहीत आहे. घाला."

साहेब नाव लिहीपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या. मग कंपासच्या टेबलाशी गेल्या.

"नाव घातलंय तुझं. चुकलं माझं." त्यांनी आपलं पुस्तक त्याच्या टेबलावर ठेवलं. "माझं पुस्तक तू घे. तुझं देतोस मला?"

"तुमचं नवंकोरं आहे की."

"असू दे. मला तू दिलेलंच हवंय."

कंपासनं ड्रॉवर उघडून पुस्तक पुढं केलं. "मोजून घ्या," तो म्हणाला आणि मान खाली घालून कामाला लागला.

बाईंनी ते न मोजता पिशवीत घातलं.