वीस कागद

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. एकोणीस वर्षं मी एसटीत वाहक आहे, धुळे डेपोला. नऊ वर्षांचं पोरगं मांडीवर घेऊन "अजून पाचवं लागायचंय हो" म्हणणारी आई मी पारोळा यायच्या आत ओळखते. पोराकडे बघायचंच नाही, आईकडे बघायचं. खोटं बोलताना माणसाला नेमकं दुसरं काहीतरी काम सुचतं. कोणी पदर सारखा करतं, कोणी पिशवीत हात घालतं. आडनाव ऐकून "खोली कालच गेली" म्हणणारे घरमालकसुद्धा तेव्हाच किल्ल्या चाचपायला लागतात. असे मी पाच पाहिलेत, म्हणून माणसं वाचायला शिकले.

अशा बाईची मुलगी समीक्षा. बारावी झाली आणि म्हणाली, मला ॲनिमेशन शिकायचंय. तिचे पप्पा सुरतेला मिलमध्ये आहेत, ते फोनवर "तू बघ" म्हणून मोकळे झाले. मी बघितलं. पुण्याच्या शाळेत तीस जागा होत्या. लेखी परीक्षा ती पास झाली. आता मुलाखत, आणि मुलाखतीला पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या हातच्या चित्रांची फाईल. बरोबर वीस कागद, समोर जिवंत माणूस बघून काढलेले. आजकाल मोबाइलला सांगितलं की तोही चित्र काढून देतो, त्यामुळे शाळेलाही संशय. एकेका कागदावर बोट ठेवून विचारतात म्हणे, हे कुठं काढलं, केव्हा काढलं. ती शाळा मला तिथंच आवडली.

फाईलीसाठी जळगावात मेहरूणला रतिलाल सरांचा क्लास लावला. रिटायर झालेले चित्रकलेचे मास्तर. रविवारी माझी सुट्टी, मी समीक्षाबरोबर जायची आणि क्लास सुटेपर्यंत सरांच्या ओट्यावर डबा घेऊन बसायची. सर फी फारशी घेत नव्हते. फी न घेणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो. शिवाय पोरांचे कागद ते स्वतःच्या कपाटात ठेवायचे. "घरी नेले की पोरं खोडून खोडून गुळगुळीत करतात, ताई," म्हणायचे. ठेवेनात का कपाटात, पण किल्ली जानव्यासारखी गळ्यात कशाला?

समीक्षाला इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. तिची शेडिंग बघून आमच्या गल्लीत बायका तोंडात बोटं घालायच्या. सर मात्र म्हणायचे, "बेटा, हा माणूस फोटोसाठी उभा राहिलाय. याला जरा चालू दे." पोरगी घरी येऊन रडायची. मी म्हणायची, मास्तरला दिसत नसेल.

त्या क्लासात रोहिणी नावाची मुलगी होती. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, पावरा समाजाची. तिलाही त्याच शाळेची मुलाखत होती, त्याच बुधवारी. तिचा बाप करमसिंग तिला पहिल्या गाडीनं आणायचा आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून राहायचा. दोघंही बोलायचे कमी. कमी बोलणाऱ्यांचाही मला संशय येतो.

मुलाखतीच्या आधीचा दुसरा रविवार. रोहिणी पाणी प्यायला बाहेर आली, तिच्या काखेत सुटे कागद होते. वरच्या कागदावर मी होते! ओट्यावर बसल्या बसल्या झोपलेली, तोंड उघडं, पर्सचा पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळलेला. चार-पाच रेघांचं काम, पण कोणीही म्हणेल ही सविताच. झोपेतसुद्धा मी पर्स सोडलेली नव्हती.

मला झोपलेली एवढी कोण ओळखतं? माझी पोर. मग हा कागद त्या मुलीच्या काखेत कसा?

परतीच्या गाडीत बसण्याआधी स्टँडवरच समीक्षाला विचारलं, "ते माझं चित्र तू काढलंस ना?"

ती खाली वाकली, चपलेचा पट्टा लावायला लागली. "हो. मीच."

परक्या बाईला मी तिथल्या तिथं पकडलं असतं. माझ्या पोरीच्या चपलेकडे मी फक्त बघितलं आणि मनात म्हणाले, पट्टा जुना झालाय, नवी घ्यायला हवी.

आता सगळं मला लख्ख दिसायला लागलं. कपाटाची किल्ली सरांकडे. सर माझ्या पोरीची चित्रं काढून त्या मुलीला देतात. समीक्षाला म्हटलं, सरांना जाब विचारू. तर ती पांढरी पडली, "आई, तुला माझी शपथ, काही बोलू नकोस." पोर मास्तरला घाबरतेय असा मी अर्थ काढला. मी घाबरणारी नाही, पण पुराव्याशिवाय तोंड उघडणारीही नाही.

त्याच रविवारी क्लास सुटताना सरांनी सगळ्यांना कागद घरी दिले होते, वीस निवडून पुढच्या रविवारी शेवटचं दाखवायला आणा म्हणाले होते. गुरुवारी समीक्षा बाहेर गेल्यावर मी तिची फाईल उघडली. वीस कागद लावून तयार होते, आणि त्यात माझं झोपेतलं चित्र! गेलेला माल परत आला होता. शिवाय केळीचे घड खांद्यावर घेऊन चढणारी माणसं, वाकून मोहाची फुलं वेचणारी बाई, असली भरभर काढलेली चित्रंही होती. पोरीचा हात सुटला म्हणून मला भरून आलं. मोहाची फुलं धुळ्यात कुठून आली, हा प्रश्न मला पडला नाही. वीस वर्षं होत आली गाडीवर, आणि मला तो प्रश्न पडला नाही.

मी तिकिटं टोचायचा जुना चिमटा काढला. मशीन आल्यापासून तो डब्यात पडून आहे. त्याची धार गेलीय, भोक एका अंगाला फाटकं पडतं. तसं भोक उभ्या महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाचं पडणार नाही. वीसच्या वीस कागदांना उजव्या कोपऱ्यात एकेक भोक पाडलं. आता यातला एक कागद जरी त्या मुलीच्या फाईलीत निघाला, तर सरांना आणि तिला तिथंच उतरवते, असं ठरवून मी भाकरी टाकायला गेले.

रविवारी सरांच्या ओट्यावर पोहोचलो तर करमसिंग आणि रोहिणी आधीच आलेले. रोहिणीच्या फाईलीत तेराच कागद होते. सर म्हणाले, "हिचे सात कागद सापडत नाहीत. चुकून कोणाच्यात गेले का, बघा जरा."

मी थांबायला हवं होतं. पण मी म्हणाले, "चुकून नाही सर. आमचा कागद हिच्या काखेत मी डोळ्यांनी बघितलाय. उघडा हिची फाईल."

कोणी काही म्हणायच्या आत करमसिंग उठला. त्यानं आपली कापडी पिशवी जमिनीवर उलटी केली. भाकरीचं फडकं, पाण्याची बाटली, चार्जर, आधार कार्डाची झेरॉक्स. मग खिसे बाहेर काढून उभा राहिला. त्याला झडती कोणी मागितली नव्हती. तरी माझं तोंड थांबलं नाही.

"आमच्या प्रत्येक कागदावर माझ्या चिमट्याची खूण आहे," मी म्हणाले आणि समीक्षाची फाईल सगळ्यांसमोर उघडली.

रोहिणी पुढं आली. तिनं सात कागद बाजूला काढले, न चुकता, पत्त्यांतले आपले ओळखावेत तसे. "हे माझे आहेत," ती म्हणाली. मग कोपऱ्यातल्या भोकावरून तिनं बोट फिरवलं. "हे कोणी केलं?"

"पुरावा काय तुझे असल्याचा?" मी माझं चित्र उचललं. आणि तिकीट नसलेल्या प्रवाशाला विचारते तसंच दोघींना विचारलं, "हे काढताना कुठं बसली होतीस?"

"पाण्याच्या टाकीवर," रोहिणी म्हणाली. अंगणात सिमेंटची टाकी आहे, ओट्यापेक्षा पुरुषभर उंच. "आत गरम होतं म्हणून सरांनी मला वर बसायला सांगितलं होतं."

मी कागदाकडे बघितलं. माझा भांग दिसत होता. गुडघे वरून दिसत होते, पावलं त्यांच्याखाली झाकलेली. हे चित्र उंचावरूनच दिसतं, आणि समीक्षाला उंचीची इतकी भीती की ती आमच्या गच्चीच्या कठड्याजवळही जात नाही.

"समीक्षा, तू कुठं बसली होतीस?"

ती बॅगेची चेन लावायला लागली. उघडायची, लावायची. मला सगळं कळलं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"सरांनी कागद वाटले तेव्हा बघायला म्हणून घेतले होते," ती शेवटी म्हणाली. "माझी माणसं चालतच नव्हती, आई. आणि तू विचारलंस तेव्हा तुला इतकं आवडलं होतं..."

मी सात कागद तिच्या फाईलीतून काढून रोहिणीच्या हातात दिले. सर चष्मा पुसत म्हणाले, "भोकांचं काय? शाळा विचारणार. दोन्ही फाईलींना एकच खूण. दोघींवर शंका घेतील."

डेपोत चूक झाली की आम्ही जबाब लिहून देतो. सरांकडून कागद घेतला आणि लिहिलं, "सदर सात चित्रे रोहिणी करमसिंग पावरा हिचीच आहेत. त्यांवरील भोके मी पाडली आहेत. ही मुलगी चोर आहे असा मला संशय होता. तो खोटा ठरला." खाली नाव, डेपो, बिल्ला क्रमांक.

"आणि माझं काय?" समीक्षा म्हणाली. "तेरा कागदांवर घेत नाहीत."

"बुधवारपर्यंत तीन दिवस आहेत. सात काढ."

"ते हे पत्र वाचतील. मला विचारतील कागद माझ्या फाईलीत कसे गेले."

"विचारतील. सांगायचं."

तिची जागा जाणार, हे मला तेव्हाच दिसत होतं. मग तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, माझ्या सहीखाली लिहिलं, "कागद मी घेतले होते," आणि आपलं नाव घातलं. अक्षर तिचं सुंदर आहे, त्या दिवशी वाकडं आलं.

करमसिंगला वाचता येत नव्हतं. रोहिणीनं पत्र त्याला त्यांच्या पावरी बोलीत वाचून दाखवलं. बोली मला कळत नाही, पण ओळी मोजता येतात. माझं एक वाक्य तिनं गाळलं. कोणतं, ते कळायला बोली लागत नव्हती.

"एक राहिलं," मी म्हणाले. "भाऊ, तुमची पोरगी चोर आहे असं मला वाटलं होतं."

तो पिशवीत सामान परत भरत होता. फडकं घडी करून ठेवलं, मग माझ्याकडे बघितलं. माझ्याशी तो अहिराणीत बोलला, आवाजात राग नव्हता.

"माले पहिल्याच रविवारी समजनं व्हतं, बाई. मी ओट्यावर येऊन बसनू, तव्हा तुम्ही तुमना डबा उचलीसन पलीकडं ठेवला. पोरीले मी सांगितलं नव्हतं."

मी आठवून बघितलं. मला आठवत नव्हतं. आणि आठवत नाही म्हणणाऱ्या एकाही प्रवाशाला मी आजवर सोडलेलं नाही.