कय्यूम टेलरच्या हॉकीवरच्या पट्ट्या

मित्रांनो, मी एक जुनी हॉकी आहे. शिकलेली माणसं मला 'हॉकी स्टिक' म्हणतात, पण आमच्या मलकापुरात खेळाचं नावही हॉकी आणि माझं नावही हॉकीच. मला हातात घेऊन कोणी एसटीत चढलं की कंडक्टर हमखास विचारतो, "कोनाले माराले चालला बे?" सगळी एसटी हसते. मला मात्र त्यात हसण्यासारखं कधीच काही वाटलं नाही. मी मारामारीसाठी जन्मले नाही. मी खेळासाठी जन्मले, आणि त्या खेळाचा मला अजूनही अभिमान आहे.

माझा जन्म पंजाबात झाला. तुतीचं लाकूड वाफेवर नरम करून कारागिरांनी माझं टोक वाकवलं, आणि वेताची मूठ त्यात पाचरीसारखी पक्की बसवली. भुसावळच्या एका दुकानात मी बरेच महिने उभी होते. मग मलकापूरचा एक तरुण आला. बारीक अंगाचा, गळ्यात मोजायची टेप तशीच राहिलेली. त्यानं मला उचललं, तोललं आणि दुकानदाराला म्हणाला, "हेच द्या." तो कय्यूम टेलर. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं शिलाईचं छोटं दुकान होतं.

संध्याकाळी मशीन बंद झालं की कय्यूम मला घेऊन कापसाच्या जिनिंगच्या मागच्या मैदानावर जाई. तिथे रेल्वेतली माणसं, जिनिंगचे कामगार आणि शाळामास्तर मिळून खेळत. भालचंद्र गुरुजी तिथलेच. कय्यूम मधल्या फळीत हाफला आणि गुरुजी पुढे, अशी त्यांची जोडी होती. चेंडू गुरुजींकडे जायचा आहे हे कय्यूमच्या आधी मला कळे, इतकी आमची सवय झाली होती.

खेळ संपल्यावर म्हातारे खेळाडू ऑलिम्पिकच्या गोष्टी सांगत. त्या ऐकतच मी मोठी झाले. १९२८ साली ॲमस्टरडॅमला आपला संघ पहिल्यांदा गेला आणि एकही गोल अंगावर न घेता सोनं घेऊन आला. बर्लिनला जर्मनांच्या घरात जर्मनांना हरवलं. स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच लंडनला इंग्रजांना हरवलं, तेव्हा त्यांच्याच देशात आपला झेंडा वर चढला. हे सांगताना एक म्हातारा दर वेळी उठून उभा राही. रोमला पाकिस्ताननं सोनं नेलं, टोकियोला आपण ते परत आणलं. मला वाटायचं, ऑलिम्पिकचं सोनं म्हणजे आपल्याच घरातली वस्तू. शेजारी कधीमधी उसनी नेतात, एवढंच.

मग १९७६ साल आलं. मॉन्ट्रियलला पहिल्यांदाच गवताऐवजी कृत्रिम गालिच्यावर हॉकी खेळली गेली. कय्यूमच्या दुकानात रेडिओला कान लावून माणसं बसली होती. आपला संघ सातवा आला. सातवा! माणसं एकेक करून उठून गेली. कय्यूमनं जाड्याभरड्या काळ्या कापडाची एक लांब पट्टी कापली, माझ्या मुठीवर घट्ट गुंडाळली आणि टोक सुईदोऱ्यानं शिवून टाकलं.

गुरुजी तिथेच होते. म्हणाले, "हे काय बे, कय्यूम?"

"जखमेवर पट्टी बांधून राह्यलो."

"जखम तुले झाली का हॉकीले?"

"दोघांलेही," कय्यूम म्हणाला.

चार वर्षांनी मॉस्कोला सोनं मिळालं. त्या दिवशी एका लग्नाच्या कपड्यांतली पिवळीधमक साटीन दुकानात उरली होती. कय्यूमनं तिची पट्टी काळ्या पट्टीवरूनच गुंडाळली. गुरुजी म्हणाले, "आता सोनं आलं ना? मंग खालची काढून टाक."

"काऊन काढू? वाईट दिवस आला म्हणून कोनी कॅलेंडरचं पान फाडून फेकते काय?"

तेव्हापासून तो रिवाजच पडला. दर ऑलिम्पिकला एक पट्टी. जुनी काढायची नाही, वरून नवी बांधायची. लॉस एंजेलिसला शाळेच्या गणवेशाची खाकी बांधली, सोलला टेरिकॉट. पदक नसलं तरी पट्टी चुकायची नाही. बीजिंगच्या वर्षी तर आपला संघ पात्रच ठरला नाही. गुरुजींनी विचारलं, "संघच नाही गेला, तं पट्टी कायची बांधतं?" कय्यूमनं कोऱ्या मांजरपाटाची पट्टी बांधली आणि म्हणाला, "हे न गेल्याची." लंडनला आपण सगळ्यांत शेवटी राहिलो, त्या वर्षीही त्यानं पट्टी बांधली.

याच काळात माझं खेळणं थांबलं होतं. जिनिंगमागच्या मैदानावर प्लॉट पडले. जोडीदार म्हातारे झाले, काही देवाघरी गेले. जगात माझ्यासारख्या लाकडी हॉक्याही मागे पडल्या. आता त्या कसल्याशा तंतूंच्या करतात, हलक्या आणि कणखर. मी दुकानात मशीनच्या वर खिळ्याला टांगलेली असे. गिऱ्हाईक विचारायचं, "चाचा, हे हॉकी कायले ठेवली? रात्री चोर येतात काय?" कय्यूम मशीन चालवत राही. मला ते प्रश्न ऐकून फार दुःख व्हायचं. चार वर्षांतून एकदा तो मला खाली काढी, पट्टी बांधी आणि पुन्हा टांगी. माझ्यावर त्याचा फार जीव होता. पण मित्रांनो, खरं सांगते, त्या जीव लावण्यात एकदाही चेंडू नव्हता.

टोकियोला पुन्हा ऑलिम्पिक झालं, तेव्हा कोरोनामुळे कय्यूम दीड वर्ष मास्कच शिवत होता. आपल्या पुरुषांना ब्राँझ मिळालं. किती तरी वर्षांनी पदक! पट्टी मास्कच्याच कापडाची झाली. पण त्याच ऑलिम्पिकमध्ये आपल्या मुलींचा संघ चौथा आला. त्यांना हरल्यावर मैदानात रडताना कय्यूमच्या नातीनं, मलिहानं, मोबाइलवर बघितलं. ती उठली, स्टुलावर चढली आणि मला खिळ्यावरून काढलं.

"दादा, मले शिकवा."

"हे? हे तं जुनी हाये बेटा. लय जड."

"असू द्या जड."

घरात त्यांची बोली उर्दू, म्हणून आजोबा तिचे 'दादा'. पण मलिहा मराठी शाळेत जाई आणि दुकानात गुरुजी कायम बसलेले, त्यामुळे हॉकीचं सगळं शिक्षण वऱ्हाडीतच झालं. बाजार समितीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत म्हातारा ओरडे, "वाक! अजून वाक! जमिनीवर काही पडलं असंन असं पाहाचं!" मलिहाचे हात लहान आणि माझी मूठ उसासारखी जाड. तरी तिनं मला सोडलं नाही. पॅरिसचं ब्राँझ आलं, तेव्हा तिच्याच निळ्या कुर्त्याची पट्टी माझ्यावर चढली. त्या दिवशी मला वाटलं, आपल्यासारखं भाग्य कोणाचं?

मग जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड बुलढाण्याला ठरली. मलिहाचं सगळं चित्त तिकडे लागलं. तिच्या शाळेत हॉकी नव्हती. निवड झाली, तरच तिला संघ मिळणार, मैदान मिळणार, शिकवायला कोणी मिळणार. नाहीतर बाजार समितीची मोकळी जागा आणि दोन म्हातारे, आणि त्या जागेवरही पुढच्या महिन्यात गोदाम उभं राहणार होतं. आम्ही चौघं, म्हणजे मलिहा, दोघे म्हातारे आणि मी, एसटीनं घाट चढून गेलो. कंडक्टरनं तोच प्रश्न विचारला. मलिहानं ताठ मानेनं उत्तर दिलं, "कोनाले नाही. खेळाले."

निवड करणाऱ्या अनुपमा मॅडम स्वतः खेळाडू होत्या. त्यांच्याकडे एक लोखंडी कडं होतं. प्रत्येक मुलीची हॉकी त्या मुठीपासून टोकापर्यंत त्या कड्यातून ओवून पाहत. नियमच आहे तसा. हॉकी कड्यातून गेली पाहिजे, म्हणजे ती फार जाड नाही हे ठरतं. माझी पाळी आली. कडं माझ्या मुठीवर थोडंसं चढलं आणि अडकलं. मॅडमनी जोर लावला. कडं हललं नाही.

"ही चालणार नाही," मॅडम म्हणाल्या. "मी इथे चालवून घेतली, तरी पुढे विभागाच्या सामन्यांत अमरावतीला अडवतील. एवढं काय गुंडाळलंय हिच्यावर?"

कय्यूमचं तोंड उतरलं. जन्मभर लोकांच्या छात्या आणि कंबरा नुसत्या नजरेनं ओळखणारा माणूस. पण माझी मूठ किती फुगली हे त्याच्या नजरेला कधी दिसलंच नव्हतं. प्रेमानं बांधलेल्या वस्तूचं माप कोण घेतं?

मॅडम कठोर नव्हत्या. म्हणाल्या, "तुझा गट दुसऱ्या डावात आहे. तोपर्यंत हे काढा, नाहीतर कोणाची तरी मागून घे."

गुरुजी मुलींकडे मागायला गेले. रेवती नावाच्या मुलीची हॉकी नवीकोरी होती आणि तिचा खेळ पहिल्याच डावात आटोपणार होता. तिनं मान हलवली. "नाही आजोबा. मोडली तर बाबा रागावतील." गुरुजी परत आले. मलिहा मला छातीशी धरून बसली होती. तिचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती.

"दादा, राहू द्या. आपण घरी जाऊ. पट्ट्या नका काढू."

कय्यूमनं माझ्याकडे पाहिलं. मला कळत होतं, तो आतून तुटत होता. एकेका पट्टीत त्याची चार चार वर्षं होती. बायको जिवंत असतानाची, मुलं लहान असतानाची. मलाही भीती वाटली. पट्ट्या गेल्या तर माझ्याकडे काय उरणार? एक म्हातारी काठी. मग त्यानं खिशातून लहान कात्री काढली. "दे इकडे," तो म्हणाला.

टाके उसवत गेले आणि पट्ट्या सुटत गेल्या. कय्यूम कापत होता आणि गुरुजी हळू आवाजात गावांची नावं घेत होते. पॅरिस. टोकियो. रिओ. लंडन. बीजिंग. मांजरपाट अजून कोराच होता. मुली खेळ बघायचं सोडून आमच्याभोवती जमल्या. आपला डाव आटोपून रेवतीही आली. अथेन्स, सिडनी, अटलांटा. पुढे जाता जाता मी मागच्या वर्षांत चालले होते. शेवटी पिवळी साटीन उघडी पडली आणि कडं तिच्यावरून अलगद सरकून गेलं.

"गेलं!" मुली ओरडल्या. "आता पुरे, आजोबा!"

मलिहानं मला हातात घेतलं. कय्यूमनं तिच्या मुठीकडे पाहिलं. तिचा हात घामेजला होता आणि साटीन घसरत होती. त्यानं मला परत घेतलं आणि सोन्याची पट्टीही कापली.

"अरे, मॉस्को हाये ते!" गुरुजी कळवळून म्हणाले.

"साटीन हातात टिकत नाही, भालू." त्यानं खालची काळी, जाडीभरडी, हरल्या दिवसाची पट्टी चाचपली. ती वेताला घट्ट चिकटली होती. "हे धर बेटा. हे सुटत नाही."

मलिहा मैदानात उतरली. मित्रांनो, त्या डावाचं वर्णन मी काय करू! माझ्या मुठीभोवती पहिल्यांदाच तिची बोटं पुरी मिटली. जमीन मला नीट लागत होती. चेंडू टोकावर आला की तिच्या मनात काय आहे ते मला कळत होतं. मी म्हातारी आहे हे मी विसरले. मैदानाच्या मध्यावर तिनं एक चेंडू अडवला, एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं, आणि जीव एकवटून मारला.

मी मोडले.

मूठ तिच्या हातात राहिली आणि माझं टोक गवतात जाऊन पडलं. लाकूड जुनं होतं, दुसरं काही कारण नाही. चेंडू गोलरक्षकाला लागून बाजूला उडाला. खेळ चालूच होता. पण मलिहा जागच्या जागी थिजली. ती चेंडूकडे बघत नव्हती, आपल्या आजोबाकडे बघत होती. आपण किती मोठा गुन्हा केला असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

आणि तो सत्तरीचा म्हातारा रेषेपाशी धावत आला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडला, "माह्याकडे काय पाह्यतं! बॉल तिकडे चालला ना!"

रेवतीनं आपली नवीकोरी हॉकी मैदानात सरपटवली. मलिहानं ती उचलली आणि पळाली. मी गवतात पडल्या पडल्या तिचे पाय बघत होते. मित्रांनो, मला वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. खूप वाईट वाटलं. पण इतकी वर्षं खिळ्यावर टांगलेली असताना जे वाईट वाटायचं, ते हे नव्हे.

संध्याकाळी निवडलेल्या मुलींची नावं वाचली, त्यात मलिहाचं नाव होतं. परतीच्या एसटीत गुरुजी म्हणाले, "सुताराकडून जोडून घेऊ बे." कय्यूमनं मान हलवली. "काऊन? तिचं खेळणं झालं." आता माझे दोन तुकडे दुकानात कापडाच्या चिंध्यांशेजारी पडून आहेत, आणि मलिहा रोज दुसऱ्या हॉकीनं खेळून घामाघूम होऊन येते.

तेव्हा मित्रांनो, जाता जाता एक विनंती करते. जुन्या वस्तूंना जपा असं तुम्हांला सगळे सांगतात. मीही सांगते, जपा. पण आम्हांला गुंडाळून, टांगून, नुसतं बघून जपू नका. ज्या कामासाठी आम्ही जन्मलो, ते आमच्या हातून करून घ्या. आम्ही मोडलो तर दोन अश्रू जरूर ढाळा. पण ते नंतर. आधी चेंडू कुठे चालला आहे ते बघा.