चौपन्न घरांच्या तिथी

"याच्यात तीथ दिसते काय?" उत्तमरावांनी काउंटरच्या काचेवर वाकून विचारले.

दुकानदाराने हातातली डिजिटल डायरी मिटली. "काय दिसते?"

"तीथ. दशमी, एकादशी, अमुशा. तारीख तं भितीवरच्या कॅलेंडरातबी असते."

"काकाजी, ही मशीन जपानची आहे." त्याच्या गळ्यात टाय होता आणि टायवर हळदीचा डाग. "अमावस्या पाहिजे तर समोर उदबत्तीचं दुकान आहे. पंचांग भेटते तिथं."

तो हसला. बाजूला कॅल्क्युलेटर पाहत उभे असलेले दोघे हसले. मीही हसलो. मला हसू आले नव्हते. त्या टायवाल्याने मला उत्तमरावांच्या जोडीचा समजू नये, एवढ्यासाठी मी हसलो.

"आपण तारखेत बसवून घेऊ, उत्तमराव," मी म्हणालो. "सोपं आहे."

"तुमी म्हनता तं सोपंच असन, भाऊसाहेब."

मराठी अक्षरांची डायरी अकोल्याला मिळते, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. म्हणून अमरावतीहून सकाळची बस धरून आम्ही दोघे आलो होतो. मराठी अक्षरांची डायरी अकोल्यातही नव्हती. टायवाल्याने तीन डायऱ्या काचेवर मांडल्या. एकीची बटणे मसुरीच्या डाळीएवढी. दुसरीवर काडीने लिहायचे होते. ती काडी उत्तमरावांच्या बोटात दुर्वेसारखी दिसली आणि दोनदा खाली पडली. तिसरीवर आकडे मोठे उमटत. उत्तमरावांना इंग्रजी अक्षरे येत नव्हती, आकडे येत होते. मी म्हणालो, घरांना नंबर देऊ, नावे नकोतच. एकतीस वर्षे कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? तिसरी डायरी मी निवडली. परतीच्या बसमध्ये तिचे माहितीपुस्तक मूर्तिजापूर येईपर्यंत वाचून संपवले, आणि एखादा ग्रंथ वाचल्याचा डौल चेहऱ्यावर आणून बसलो.

उत्तमराव वडाळीचे. घरामागे त्यांचा फुलांचा तुकडा. पहाटे फुले तोडायची, बायकोने, गंगूबाईंनी, हार गुंफायचे आणि सायकलवरून आमच्या रुक्मिणीनगरात चौपन्न घरी पुड्या टाकायच्या, हे काम त्यांनी सत्तावीस वर्षे केले. पण पुड्या काय, कोणीही टाकेल. उत्तमरावांकडे चौपन्न घरांचे मेलेले होते. कोणाचा बाप कोणत्या तिथीला गेला, कोणाची सासू कोणत्या, हे सगळे त्यांच्या डोक्यात. तिथीच्या दोन दिवस आधी ते फाटकाशी थांबून हळूच सांगत, "परवा साहेबाची तीथ आये. पांढरी फुलं, माका, तुळस आनून देतो." मग घरात धावपळ. भटजींना फोन, खिरीला दूध. या घरांत वकील होते, इंजिनियर होते, कॉलेजात इतिहास शिकवणारे एक गृहस्थ होते. प्रत्येक भिंतीवर तिथीवार छापलेले कॅलेंडर होते. आपला बाप कधी मेला हे मात्र फुलवाल्याने येऊन सांगावे लागत असे, आणि यात कोणाला काही गैर वाटत नसे. मलाही वाटले नव्हते.

आदल्या पावसाळ्यात त्यांना एका घराचा विसर पडला. एकाच. त्या रात्री ते जेवले नाहीत, असे गंगूबाईंनी मला नंतर सांगितले. दुसऱ्या दिवशी ते माझ्या पायरीवर येऊन बसले.

"माह्या बापाचं असंच झालं होतं, भाऊसाहेब. पयले फुलं विसरला. मंग घराचा रस्ता विसरला. मंग आमाले विसरला." त्यांनी टोपी काढून डोके चोळले. "माहं डोस्कं जाच्या आंधी कुठीतरी उतरवून ठेवा लागते. तुमी वाचनारे मान्सं. सांगा काहीतरी."

वाचणाऱ्या माणसाने डिजिटल डायरी सांगितली.

जानेवारीत चार संध्याकाळी आम्ही माझ्या व्हरांड्यात बसलो. उत्तमराव डोळे मिटून तिथी सांगायचे, मी कॅलेंडरवर तारीख शोधून दोन दिवस आधीचा गजर लावायचा.

"सतरा नंबर. मानिकबाईचे वकीलसाहेब. पौष वद्य त्रयोदशी."

"अठरा?"

"अठराले दोन आयेत. सासरा अन् सून. एकाच साली गेले बिचारे." ते अडखळत नव्हते. एकदाही नाही. हा माणूस विसरत चालला आहे असे मानायला काही आधार नव्हता, पण मी बटणे दाबण्यात गर्क होतो.

"एकतीस?" मी विचारले.

त्यांनी डोळे उघडले. मी वर पाहिले.

"एकतीस तुमचंच घर आये, भाऊसाहेब. वहिनीची तीथ. माघ शुद्ध दशमी."

मला ती ठाऊक नव्हती. शकुन गेली ती पंधरा फेब्रुवारीला, एवढे मला ठाऊक होते. श्राद्धपक्ष मी मानत नाही, हे मी चारचौघांत बरेचदा सांगितलेले असल्यामुळे उत्तमराव मला कधी आठवण करत नसत. वर्षातून एकदा माझ्या फाटकाच्या पिशवीत पांढरी फुले जास्त असत. का असत, हे मी कधी विचारले नव्हते.

माहितीपुस्तकात दरवर्षी तोच गजर लागण्याची सोय सांगितली होती. ते बटण मी चौपन्न घरांसाठी दाबले, अठराला दोनदा.

"म्हंजे दरसाली आपोआप वाजीन?"

"आपोआप," मी म्हणालो.

तिथी पुढच्या वर्षी त्याच तारखेला येत नाही, हे मला माहीत नव्हते असे नाही. दिवाळी दरवर्षी हलते हे शेंबड्या पोरालाही कळते. बटण दाबतानाच माझ्या ध्यानात आले होते. पण अकोल्याला त्यांच्या ज्या प्रश्नाला मी हसलो, तोच प्रश्न बरोबर होता हे आता कोणत्या तोंडाने सांगायचे? पुढच्या जानेवारीत डायरी मागून घेऊ आणि गुपचूप नव्या तारखा भरू, असे मी मनाशी ठरवले.

पहिले वर्ष छान गेले. उत्तमरावांच्या खिशात गजर वाजायचा, ते आकडा पाहायचे आणि त्या घरी जायचे. कॉलनीत कौतुक झाले. फुलवाल्याकडे संगणक आला, अशी थट्टाही झाली. हळूहळू त्यांनी डोळे मिटणे सोडले. कोणी काही विचारले की हात खिशाकडे जाई.

डिसेंबरात माझ्या मुलीचे, गीतांजलीचे, बाळंतपण निघाले आणि मी पुण्याला गेलो तो जूनपर्यंत राहिलो. पुण्यात मला डायरी आठवली नाही, असेही नाही. उत्तमरावांच्या घराशेजारच्या किराणा दुकानात फोन होता. नंबर माझ्या पाकिटात होता. आज करू, उद्या करू, म्हणत मी नातवाचे लंगोट वाळत घातले.

परत आलो तर सकाळी फाटकाच्या पिशवीत फुले नव्हती. तीन दिवस नव्हती. चौथ्या दिवशी समोरच्या माणिकबाई त्यांच्या फाटकातून म्हणाल्या, "फुलवाल्याची वाट पाहताय का? बंद केला आम्ही त्याला. पौषात वकीलसाहेबांची तिथी होऊन नऊ दिवस झाले, आणि हा सांगत येतो, परवा आहे म्हणून! भटजी नाही, नैवेद्य नाही, काही नाही. वर खिशातली मशीन दाखवतो मला. डोकं गेलंय त्याचं. सगळ्यांकडे तेच केलं त्यानं."

"तुमच्याकडे कॅलेंडर होतं ना?" असे मी म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "अरेरे."

त्याच दुपारी रिक्षा करून वडाळीला गेलो. अंगणात गंगूबाई हार गुंफत होत्या. उत्तमराव भिंतीला टेकून बसले होते. सायकल आडवी पडली होती.

"या, भाऊसाहेब," गंगूबाई म्हणाल्या. त्यांनी सुई थांबवली नाही. "पाहून घ्या तुमच्या मशीनवाल्याले. आता एकटे कुठी जात नाईत. रस्ता चुकीन म्हन्तेत."

"तू चूप राय वो," उत्तमराव म्हणाले.

"काहून चूप राहू? म्या दहा डाव सांगतलं, आज त्रयोदशी आये, मानिकबाईच्या घरी जा. तं माह्यावर खेकसले. मशीन वाजली नाई म्हने!"

उत्तमराव माझ्याकडे न पाहता बोलू लागले. "माहं डोस्कं म्हने तीथ आली. मशीन म्हने आनखी दिस आयेत. हिचंबी म्हननं माह्यासारखंच. मी म्हटलं, मशीन तं भाऊसाहेबानं भरेल आये. शिकेल मान्साचं चुकीन कसं? मंग आपलंच डोस्कं गेलं." त्यांनी हात झटकला. "बापासारखं."

पाच महिने हा माणूस दर पहाटे उठून आपले डोके गेले की राहिले, हे पाहत होता. मी पुण्यात बसून कादंबऱ्या वाचत होतो.

"मशीन चुकली," मी म्हणालो.

गंगूबाईंची सुई थांबली. "मशीन कशी चुकीन? तिच्यात भरलं कोनं?"

"मी भरलं. तिथी दरवर्षी तारीख बदलते. ते तिला कळत नाही. दरवर्षी नव्यानं भरायला पाहिजे होतं. मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही."

त्यांनी शिव्या द्याव्यात म्हणून मी थांबलो. शिव्या मिळाल्या असत्या तर बरे झाले असते. उत्तमराव भिंतीपासून पुढे सरकले.

"म्हंजे माहं डोस्कं बरोबर होतं?"

"हो."

"त्रयोदशीले त्रयोदशीच होती?"

"हो, उत्तमराव."

"अठरा नंबरची सूनबी?"

"सगळंच बरोबर होतं."

त्यांनी डोळे मिटले आणि एक नंबरपासून सुरुवात केली. भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभा राहून मी चालू सालच्या तारखा पाहत होतो. प्रत्येक तिथीला ते विचारत, "बरोबर?" आणि मी "बरोबर" म्हणत होतो. तिथी ते सांगत होते. त्यांना बरोबर म्हणणारा मी कोण, हे तिथे कोणी विचारले नाही. चौपन्नावर आल्यावर ते हसले आणि त्यांनी टोपीने डोळे पुसले. गंगूबाईंनी आत जाऊन चहा टाकला. माझ्या कपात साखर घातली नव्हती. विसरल्या असतील, असे मला वाटत नाही.

निघताना गंगूबाईंनी डायरी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "घेऊन जा तुमचं खेळनं."

कॉलनीत घरोघर जाऊन चूक माझी होती हे सांगायचे मी ठरवले होते. पहिल्या दिवशी सतरा नंबरला गेलो. माणिकबाईंनी ऐकून घेतले.

"अहो, तुम्ही चांगले आहात म्हणून त्याचं आपल्यावर घेताय," त्या म्हणाल्या. "आता आम्ही फुलं दुकानातून मागवतो. पुडीही बरी असते, प्लॅस्टिकची."

मी "बरं" म्हणालो. त्या दिवशी आणखी दोन फाटकांपर्यंत गेलो. एका ठिकाणी कुत्रा होता. हे कारण मी घरी येईपर्यंत मनाशी घोळवत राहिलो. पुढे सात-आठ घरांना मी चिठ्ठ्या लिहिल्या, कारण चिठ्ठीला समोर उभे राहावे लागत नाही. त्यांतून काही घरांनी उत्तमरावांना परत बोलावले असावे. ते पुन्हा येऊ लागले, पायी. सायकल त्यांनी विकली होती. डायरी माझ्या टेबलाच्या खणात अधूनमधून वाजते. मी आकडा पाहतो. दिवस नेहमी चुकीचा असतो.

पुढचा फेब्रुवारी आला. पंधरा तारखेला मी बाजारातून हार आणून शकुनच्या फोटोला घातला. दर वर्षी घालतो. तारीख माझी पाठ आहे.

तीन दिवसांनी सकाळी फाटक वाजले. उत्तमराव इतक्या वर्षांत व्हरांड्याच्या पुढे कधी आले नव्हते. त्या दिवशी चप्पल काढून घरात आले. हातात पळसाच्या पानात गुंडाळलेला हार होता.

"वहिनीचा फोटो कुठीसा आये?"

मी दाखवला. फोटोवर माझा हार होता, तपकिरी पडलेला. त्यांनी तो पाहिला. दोरा न तोडता तो हलक्या हाताने उतरवला, घडी करून आपल्या पिशवीत ठेवला आणि पांढऱ्या शेवंतीचा हार घातला. काचेवरची धूळ उपरण्याच्या टोकाने पुसली.

"आज आये," ते म्हणाले.

"चहा टाकतो, उत्तमराव. बसा."

"नाई, भाऊसाहेब. आनखी आठ घरं आयेत."

मी फाटकापर्यंत गेलो. ते समोरून सतरा नंबरवरून पुढे निघाले, मग अठरा, मग एकोणीस. या घरांच्या पुड्या पिशवीत नव्हत्या. प्रत्येक फाटकापाशी त्यांची चाल जराशी मंद होत होती, आणि ओठ हलत होते.