घरचं माणूस वर असेल तर

आमच्या विमान नियंत्रण कक्षात एक नियम आहे. घरचं माणूस आपल्या हद्दीतल्या विमानात असेल, तर खुर्ची सोडायची. माया आड आली की डोकं चालत नाही, असं नियम करणाऱ्यांचं म्हणणं. त्या संध्याकाळपर्यंत मलाही ते पटायचं.

दुपारीच सूचना आली होती. कुठल्याशा कंपनीनं उपग्रह वर पोचवला आणि रॉकेटचा उरलेला भाग तिथंच वाऱ्यावर सोडून दिला. बसएवढं ते धूड आता आपल्या मर्जीनं खाली येत होतं. नेमकं कुठे पडेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ज्या पट्ट्यात पडू शकत होतं तो आमच्या हद्दीच्या मधोमधून जात होता, आणि संध्याकाळी तिथूनच प्रवासी विमानं ओळीनं येतात. केळ्याचं साल रस्त्यात टाकणाऱ्याला आपण चार शब्द सुनावतो. यांना सुनावणार कोण?

मी साहेबांना म्हटलं, पट्टा बंद करा. साहेबांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. त्यानं हसत हसत सांगितलं की धोका नगण्य आहे, बहुतेक सगळं वरच जळून जाईल. झालं, साहेबांचं समाधान झालं. घाण करणाऱ्यालाच विचारायचं, बाबा रे, वास येतो का! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पट्टा बंद करायचा अधिकार त्यांचा होता.

दिवस कलला आणि हेडफोनमध्ये ओळखीचा आवाज आला. माझा धाकटा भाऊ वैमानिक आहे. एरवी तो दुसऱ्या मार्गावर असतो, पण कुणीतरी आजारी पडलं म्हणून त्याला इकडे पाठवलं होतं. भरलेलं विमान घेऊन तो त्या पट्ट्याकडेच येत होता. साहेबांना सांगणं भागच होतं. ते लगेच म्हणाले, उठा मग, नियम आहे. आणि त्यांनी थंडोबाला हाक मारली.

थंडोबा हा आमचा सहकारी. आग लागली तरी आधी हातातला चहा संपवेल असा. खुर्ची देताना आमच्याकडे एक पद्धत आहे. उठणाऱ्यानं पडद्यावर काय चाललंय ते मोठ्यानं सांगायचं, बसणाऱ्यानं ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. दोघांचंही बोलणं रेकॉर्ड होतं. रोज आम्ही ते कसंबसं उरकतो. त्या दिवशी मी उरकलं नाही.

एकेक विमान सांगून झाल्यावर मी म्हणाले, "पट्ट्यात रॉकेटचं धूड पडू शकतं. तरी पट्टा उघडा आहे. माणसांनी भरलेली विमानं मी आत जाऊ देतेय, कारण कंपनी म्हणते काही होणार नाही."

थंडोबा सगळं नीट म्हणत गेला. "माणसांनी भरलेली विमानं मी..." इथवर आला आणि अडला. साहेब म्हणाले, अहो, पुढे म्हणा की.

"साहेब, हे वाक्य माझ्या आवाजात राहणार," थंडोबा म्हणाला. "तुम्ही म्हणता का?"

साहेब खिशातला मोबाइल चाचपू लागले. थंडोबा खुर्चीत बसला आणि त्यानं एकेक विमान दक्षिणेला वळवायला घेतलं, त्यात धाकट्याचंही. मग मात्र साहेबांना कंठ फुटला. उशीर होईल, इंधन जाईल, वरच्यांना मी काय सांगू. थंडोबा आपला वळवत राहिला.

दुसऱ्या दिवशी धाकटा घरी आला. धूड सगळं जळालं नव्हतं. तो जिथून जाणार होता तिथंच पेटते तुकडे ओळीनं खाली येताना त्याला काचेतून दिसले होते.

"ताई, लोक खिडक्यांना चिकटून टाळ्या वाजवत होते," तो म्हणाला. "उल्का पडताहेत असं वाटलं त्यांना. मी काही बोललो नाही. उगाच घाबरले असते."

माझा भाऊ माझ्यासमोर धडधाकट बसला होता, आणि मला त्याचाच संताप आला.

"सांगायचं होतंस," मी म्हटलं. "घाबरू देत. लोक टाळ्या वाजवत बसले, तर त्या कंपन्या असं टाकतच राहतील."