मंतरलेला वडा

मालनच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. मला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून धाकटी बहीण विठ्ठलवाडीहून पत्रच लिहायची. "अण्णा, साखर वाढलीय. डॉक्टर म्हणतात, बाहेर खायचंच तर इडली खा, नाहीतर वडापाव अर्धाच, आणि कोल्ड्रिंक नको. पण कोपर गावचे महाराज वडा मंतरून देतात, त्यातलं तेल निघून जातं. ह्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. तू इतकं वाचतोस, खरं आहे का रे? एका ओळीत कळव."

मी डॉक्टर थोडाच? आधी दोन पुस्तकं वाचू, मग लिहू, असं म्हणत राहिलो. सात महिन्यांनी मालन गेली. वड्यामुळेच गेली असं मी म्हणणार नाही. पण तिने विचारलं होतं.

तेराव्याला तिचे यजमान तानाजीराव म्हणाले, "महाराज म्हणतात, तिची श्रद्धा कमी पडली." त्यांनाही मधुमेह आहे, आणि ते रोज कोपरला जातात.

मग मीही गेलो. महाराजांच्या वड्याच्या गाडीभोवती ही गर्दी! महाराजांनी वडा वर्तमानपत्राच्या तुकड्यावर दाबला. तेलाचा डाग पसरला. मग डोळे मिटून फुंकर. "तेल अग्नीचं, अग्नीला परत! कॅलरी भस्म!" तोच वडा पांढऱ्या कागदावर दाबून कागद उंच धरला. डाग नाही.

"महाराज, माझ्या पिझ्झ्यावर पण फुंका ना!" कॉलेजातली एक मुलगी ओरडली.

"पिझ्झा परदेशी, बेटा. त्याला मंत्र कळत नाही."

तानाजीराव शेजारीच होते. "अर्धाच खा," मी पुटपुटलो.

"अण्णा, प्रसाद कोणी अर्धा टाकतं का? मालननेही कधी टाकला नाही."

माझ्या हातातही तसल्याच पांढऱ्या कागदावर वडा आला. कागदावरून बोट फिरवलं, तर बोट तेलकट. खिशात मालनचं पत्र होतं. वडा त्यावर दाबला. 'खरं आहे का रे' या शब्दांवर तेल पसरलं.

पत्र सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"अय्या, काका, तेल तर आहे!" त्या मुलीने माझ्या हातातला पांढरा कागद घेतला. "हा तर बटर पेपर! आई केकच्या भांड्यात घालते. हा तेल शोषतच नाही, डाग पडणार कुठून?"

"नास्तिकाच्या हातात प्रसाद बाटतो!" महाराज गरजले. काही हसले, काही रांगेतच राहिले. तानाजीराव वडा संपवून निघून गेले.

घरी येऊन लिहिलं:

"तानाजीराव, मालनला द्यायचं उत्तर तुम्हाला देतो. नाही, खरं नाही. फुंकरीने तेल जात नाही. मंतरलेला वडाही तळलेलाच असतो. सोबत तिचं पत्र आहे, डाग पाहा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, घरी साध्या कागदावर वडा दाबून बघा. खावासा वाटला तर मला बोलवा. प्रसाद टाकत नाहीत, पण वाटून तर खातात. अर्धा तुम्ही, अर्धा मी, वर ताक. उशीर झाला. – अण्णा"

पाकिटावर सवयीने मालनचंच नाव लिहिलं गेलं. खोडवेना. खाली तानाजीरावांचं लिहिलं आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.