सनईवाल्याच्या हिरड्या

"समोरचा दात काढायचा असंल तर मी उठतो," खुर्चीत मागे रेलायच्या आधीच उत्तरेश्वर म्हणाला.

"अहो, आधी तोंड तर उघडा," डॉक्टर अस्मिता म्हणाल्या.

कसबा पेठेतल्या त्या छोट्याशा दवाखान्यात त्याला बायकोने, सत्यशीलेने, जवळजवळ ओढतच आणलं होतं. उत्तरेश्वर लग्नाकार्यात सनई वाजवायचा. समोरचे दात हलू लागल्यापासून सूर थरथरत होता. पण दात गेले की सनई गेली, या धास्तीने तो डॉक्टरांच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. त्यात गालाच्या आत पांढरा चट्टा उठला होता. सत्यशीलेने तो पाहिला होता. या शहाण्याने आरसाच टाळला होता.

"विडी ओढता?"

"औषध म्हणून. मागं सोडली, तर हिरड्यांतून रक्त यायला लागलं. पुन्हा ओढली, रक्त बंद! विडीनं हिरड्या घट्ट होतेत, डॉक्टर."

"घरातच एवढा मोठा डॉक्टर हाय," सत्यशीला म्हणाली, "उगंच तुमाला तरास दिला."

अस्मिता हसल्या नाहीत. "धुराने हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त थांबलं. आजार आत वाढतच होता, फक्त दिसेनासा झाला. विडीमुळे तोंडाचा कर्करोग होतो. त्यात हिरड्या वर्षानुवर्षं अशा सुजलेल्या राहिल्या, तर धोका आणखी वाढतो असं दिसतं. त्या चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवू."

कर्करोग म्हटल्याबरोबर उत्तरेश्वरचं सगळं अवसान गळालं. दाताबद्दल काही विचारायचंही त्याला सुचलं नाही. रिपोर्ट येईपर्यंत त्याने विडीला हात लावला नाही, आणि सनईलाही नाही.

"कर्करोग नाही," अस्मितांनी सांगितलं, तेव्हा सत्यशीला पदर तोंडाला लावून रडली. "पण विडी सुरू राहिली तर तो होऊ शकतो. चट्टा मला वरचेवर दाखवायचा. समोरचा एक दात काढावा लागेल. बाकीचे, हिरड्या साफ करून, वाचवायचा प्रयत्न करू. आणि ऐका, विडी सुटली की आकसलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, त्यामुळे सुरुवातीला हिरड्यांतून रक्त येईल. घाबरून पुन्हा ओढू नका. ब्रश चालू ठेवा."

दात काढल्यानंतर काही दिवसांनी, सकाळी बेसिनपाशी ब्रश करताना पाण्यात लाल धार दिसली. उत्तरेश्वर चरकला. सवयीने हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. मग त्याला डॉक्टरांचं बोलणं आठवलं.

"अगं, इकडं ये! रक्त आलं बघ!"

सत्यशीला पीठभरल्या हातांनी धावत आली. नवरा दाताची खिंड दाखवत हसत होता. तिला हसावं की रागवावं कळेना.

"चूळ भरा आधी," ती म्हणाली. तिचे डोळे मात्र भरून आले होते.

त्याने चूळ भरली, किती तरी दिवसांनी सनई काढली आणि तिच्या टोकाची पत्ती ओठांत धरली. खिंडीतून हवा निसटली, सूर फाटला. त्याने पत्ती पुन्हा ओली केली आणि ओठ जरा बाजूला सरकवून पाहिले.